विचारणारा एक, वाचणारे हजार

२००८ सालाआधी प्रोग्रामरचं काम अडलं की तो पडद्यावर आलेला एररचा मजकूर जसाच्या तसा उचलून गुगलच्या चौकटीत टाकायचा, आणि पुष्कळदा पहिल्याच दुव्यावर त्याला एक्स्पर्ट्स एक्सचेंज नावाची वेबसाइट भेटायची. प्रश्न अगदी त्याच्याच मनातला असायचा. खाली उत्तराच्या जागी मात्र झाकलेला मजकूर आणि 'आधी पैसे भरून सभासद व्हा' अशी सूचना. जाणते लोक तिथून हलायचे नाहीत. ते पान खाली, आणखी खाली सरकवत न्यायचे. गुगलला आपलं पान सापडावं म्हणून त्या कंपनीला खरी उत्तरं कुठेतरी उघडी ठेवणं भाग होतं, आणि ती तिने अगदी तळाशी ठेवली होती. वर पैसे मागायचे आणि खाली फुकट द्यायचं, असा तो चमत्कारिक कारभार होता.

दुसरा पर्याय पहिल्यापासूनच फुकट होता, पण त्याची किंमत वेळात मोजावी लागे. तो म्हणजे इंटरनेटवरच्या फोरममधल्या लांबलचक चर्चा. पहिल्या संदेशात अडचण, मग 'माझंही असंच होतंय' म्हणणारे आठ-दहा जण, मग दोघांची तिसऱ्याच विषयावर जुंपलेली, आणि कुठेतरी चौथ्या पानावर मूळ विचारणाऱ्याचा शेवटचा निरोप : 'सुटलं, धन्यवाद.' कसं सुटलं, ते नाही. त्याहून वाईट म्हणजे काही ठिकाणी प्रश्नाखाली कुणी काहीच लिहिलेलं नसे. एक्सकेसीडी या व्यंगचित्रमालिकेतलं ९७९ क्रमांकाचं चित्र याच दुःखावर आहे. आपलाच प्रश्न कुणीतरी २००३ साली विचारून ठेवलाय, खाली उत्तर नाही, आणि चित्रातला माणूस पडदा गदागदा हलवत त्या अनोळखी माणसाला ओरडून विचारतोय की बाबा, तू तेव्हा पाहिलंस तरी काय!

या दोन्ही वैतागांतून स्टॅक ओव्हरफ्लो जन्माला आलं. जेफ अ‍ॅटवुड आणि जोएल स्पोल्स्की हे दोघं सॉफ्टवेअरविषयी इंटरनेटवर नियमित लिहिणारे. दोघांनाही मोठा वाचकवर्ग होता. एप्रिल २००८ मध्ये त्यांनी बेत जाहीर केला, नाव अ‍ॅटवुडच्या वाचकांनी मतदान करून निवडलं, आणि १५ सप्टेंबर २००८ला साइट सर्वांसाठी खुली झाली. एखादा प्रोग्राम स्वतःलाच पुन्हा पुन्हा हाक मारत सुटला की त्याच्यासाठी राखून ठेवलेली मेमरी भरून वाहते. त्या बिघाडाचं नाव या साइटला मिळालं.

फीचरची यादी करण्याआधी त्यांनी एक गोष्ट ठरवली होती, आणि माझ्या मते पुढचं सगळं बरंवाईट त्या एका निर्णयातून निघालं. प्रश्न विचारणारा हे त्यांच्या लेखी मुख्य गिऱ्हाईक नव्हतंच. मुख्य गिऱ्हाईक होता सहा महिन्यांनी किंवा सहा वर्षांनी गुगलवरून तिथे येणारा अनोळखी वाचक. एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसलेला माणूस 'सांगलीची गाडी कुठं लागते?' या एकाच प्रश्नाचं उत्तर दिवसभर देत राहतो. शेजारी भिंतीवर वेळापत्रकाचा फलक असतो. तो कुणाशीच बोलत नाही आणि सगळ्यांच्या उपयोगी पडतो. स्टॅक ओव्हरफ्लोला फलक व्हायचं होतं. लोक मात्र खिडकी समजूनच येत राहिले.

फलकाची ताकद केवढी, ते एका साध्या प्रश्नावरून कळतं. विम नावाचा मजकूर लिहिण्याचा एक जुना प्रोग्राम आहे. त्यात चुकून शिरलेल्या माणसाला बाहेर पडायचा रस्ता काही केल्या सापडत नाही. 'विममधून बाहेर कसं पडायचं?' असं २०१२ साली एकाने विचारलं. २०१७ मध्ये कंपनीने सांगितलं की ते पान दहा लाखांहून जास्त वेळा उघडलं गेलंय. विचारणारा एक, उत्तर दोन-चार ओळींचं, आणि सुटका झालेल्यांची गणती लाखांत. याच हिशेबाने पाहिलं तर विचारणाऱ्याच्या भावना, त्याची घाई, त्याचं आभारप्रदर्शन या सगळ्याला पानावर जागा उरत नाही.

आणि ती ठेवलीही नाही. उत्तरं आलेल्या क्रमाने न लावता मिळालेल्या मतांच्या क्रमाने लावली. गप्पांसाठी कमेंटची सोय दिली, पण बारीक अक्षरात, सहाशे अक्षरांच्या मर्यादेत आणि कधीही पुसली जाईल अशी. विकिपीडियाप्रमाणे कुणाचाही मजकूर कुणीही सुधारावा अशी मुभा दिली. आपल्याकडच्या मुलांना पहिला चटका बसतो तो इथे. आपण परक्या माणसाकडे काही मागायला गेलो की आधी नमस्कार करतो, मी नवीन आहे म्हणून सांगतो, सर म्हणतो, शेवटी आगाऊ आभार मानतो. स्टॅक ओव्हरफ्लोवर प्रश्न टाकून दहा मिनिटांनी पाहावं तर कुणीतरी नमस्कार कापलेला, सर कापलेलं, आभार कापलेले आणि उरलेल्या तीन ओळींचं व्याकरण दुरुस्त केलेलं. कापणाऱ्याच्या मनात राग नसतो. सहा वर्षांनी येणाऱ्या वाचकाला तुमच्या नमस्काराचा उपयोग नाही, एवढंच त्याचं गणित. पण शिष्टाचार पाळल्याबद्दल शिक्षा व्हावी, हे समजून घ्यायला थोडा वेळ लागतो.

आता गुणांकडे येऊ, कारण या यंत्राचं इंजिन तेच. तुमच्या उत्तराला कुणी वरचा बाण दिला की दहा गुण. विचारणाऱ्याने 'हेच उत्तर' म्हणून हिरवी खूण केली की पंधरा, आणि खूण करणाऱ्यालाही दोन, म्हणजे तो विसरणार नाही. खालचा बाण मिळाला तर दोन गुण वजा. दुसऱ्याच्या उत्तराला खालचा बाण देणाऱ्याचाही एक गुण जातो. मला यातला हा शेवटचा नियम सगळ्यांत हुशार वाटतो. नापसंती फुकट ठेवली की लोक ती उधळतात. गाठीचा एक का होईना गुण जाणार म्हटल्यावर हात क्षणभर थांबतो. पुढे २०११ मध्ये त्यांनी प्रश्नांपुरता हा दंड काढून टाकला. वाईट प्रश्नांना खाली ढकलायला लोक कचरतात आणि त्यामुळे साइट तुंबते, असं त्यांचं म्हणणं पडलं. उत्तरांपुरता दंड कायम राहिला. फलकवाद्यांचा कल कुठे होता, ते एवढ्यावरूनही कळावं.

मतांमधून एका दिवसात दोनशेपेक्षा जास्त गुण मिळत नाहीत, अशी कमाल मर्यादाही घातली. लोकांनी जेवावं, झोपावं, नोकरी करावी म्हणून ती असेल. पण काहींनी रोज दोनशे गाठणं हाच खेळ करून टाकला. गुगलमध्ये काम करणारे जॉन स्कीट २०१८च्या जानेवारीत दहा लाख गुण ओलांडणारे पहिले ठरले. सी शार्प या भाषेविषयी विचारावं आणि उत्तराखाली त्यांचं नाव दिसावं, हे इतकं नेहमीचं झालं की त्यांच्यावर विनोदांची एक वेगळी मालिकाच तयार झाली.

गुण नुसते मिरवण्यासाठी नव्हते, त्यांनी दारं उघडत. पंधरा गुण झाले की वरचा बाण देता येतो, पन्नास झाले की कुणाच्याही प्रश्नाखाली कमेंट करता येते, सव्वाशेला खालचा बाण, दोन हजाराला कुणालाही न विचारता दुसऱ्याचा मजकूर सुधारण्याचा हक्क, तीन हजाराला प्रश्न बंद करण्यासाठी मत, दहा हजाराला मॉडरेटरची बरीचशी साधनं. पगारी माणसं न ठेवता कोट्यवधी पानांची झाडलोट करून घ्यायची युक्ती ती हीच. ज्याने काम करून दाखवलं, त्याच्या हातात आणखी थोडी सत्ता द्यायची. गंमत अशी की या पायऱ्यांमध्ये एक पायरी उलटी बसली आहे. नवख्याला उत्तर लिहिता येतं, पण 'तुमची आवृत्ती कोणती?' एवढं विचारायला कमेंट करता येत नाही. मग तो बिचारा ते उत्तराच्या जागी लिहितो, आणि 'हे उत्तर नाही' म्हणून ते पुसलं जातं. स्पॅम रोखण्यासाठी घातलेल्या अटीने सभ्य माणसाचीच वाट अडवली. इतकी वर्षं झाली, तक्रारी येतच असतात, पायरी तिथेच आहे.

मत आणि गुण यांचा संबंध जोडल्याबरोबर एक खोड दिसू लागली. लोकांनी तिला पश्चिमेकडच्या सर्वांत चपळ बंदूकवाल्याचं नाव दिलं. जो पहिलं उत्तर टाकतो, त्याचं उत्तर सगळ्यांना आधी दिसतं, त्याला आधी मत मिळतं, मतामुळे ते वर राहतं आणि वर राहिल्यामुळे आणखी मतं मिळतात. अर्धा तास बसून नीट, तपासून लिहिलेलं उत्तर येतं तोवर मैफल उठलेली असते. शिवाय स्वतःच्या मजकुरात पहिल्या पाच मिनिटांत केलेला बदल इतिहासात नोंदला जात नाही. ही सवलत ठेवली होती टंकनातल्या चुका निस्तरण्यासाठी. चपळ मंडळींनी तिचा उपयोग वेगळाच केला : आधी दोन ओळी टाकून जागा धरायची आणि मग पाच मिनिटांत त्याचं खरं उत्तर करायचं. यावर उतारे काढले गेले. सारखी मतं असलेल्या उत्तरांचा क्रम दर वेळी उलटसुलट करायचा. दोन महिन्यांपेक्षा जुन्या प्रश्नाला चांगलं उत्तर देणाऱ्यासाठी 'नेक्रोमॅन्सर' म्हणजे मृतांना उठवणारा अशा नावाचा बॅज ठेवायचा. अडलेल्या प्रश्नावर स्वतःच्या गुणांतून पन्नास ते पाचशेचं इनाम लावता येईल, अशी सोय करायची. खोड कमी झाली, गेली नाही. ती जाणारही नव्हती, कारण मतं मोजायची ठरवल्यावर लवकर येणाऱ्याचा फायदा टळत नाही.

तरीही याच यंत्रातून काय निघू शकतं, याचं एक उदाहरण सांगायलाच हवं. २०१२ मध्ये एकाने विचारलं की आकड्यांची एकच यादी, एकच प्रोग्राम, पण यादी आधी चढत्या क्रमाने लावली की काम सुमारे सहापट वेगाने का होतं? बेरीज तर तितक्याच आकड्यांची आहे. त्यावर आलेल्या उत्तरात रेल्वेच्या सांध्याचं चित्र घेऊन समजावलं होतं की प्रोसेसर पुढे काय येणार याचा आधीच अंदाज बांधतो. क्रमाने लावलेल्या यादीत त्याचा अंदाज जवळजवळ नेहमी बरोबर येतो. विस्कळीत यादीत तो पुन्हा पुन्हा चुकतो, आणि चुकल्यावर गाडी मागे घ्यावी लागते. संगणकशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातलं एक रूक्ष प्रकरण तिथे एका पानात उलगडलंय. साइटवर सर्वांत जास्त मतं मिळालेल्या प्रश्नोत्तरांत त्याची गणना होते आणि मला तो मान योग्य वाटतो.

बॅजवर तर विद्यापीठांतून संशोधन झालं. मतं देताना लोक उत्तरांना देतात आणि प्रश्नांना विसरतात, म्हणून 'इलेक्टोरेट' नावाचा सोनेरी बॅज होता : सहाशे प्रश्नांवर मत द्या आणि तुमच्या एकूण मतांपैकी किमान पाव हिस्सा प्रश्नांना असू द्या. अ‍ॅश्टन अँडरसन, डॅनियल हटनलॉकर, जॉन क्लाइनबर्ग आणि युरे लेस्कोव्हेक यांनी २०१३ मध्ये दाखवलं की असा बॅज जवळ येऊ लागला की माणूस त्या कामाचा वेग वाढवतो, आपला वेळ दुसऱ्या कामातून काढून तिथे ओततो, आणि बॅज हाती पडला की वेग एकदम खाली येतो. गड सर झाल्यावर पायथ्याशी कोण थांबणार? डिझायनरसाठी यात चांगली आणि वाईट अशा दोन्ही बातम्या आहेत. माणसांना वळवता येतं, पण वळवलेलं टिकत नाही.

बक्षीस जिथे ठेवाल तिथे पीक येतं, हे याहू आन्सर्सने फार ढळढळीतपणे दाखवलं. २००५ साली सुरू झालेल्या त्या सेवेत प्रश्न विचारायला पाच गुण द्यावे लागत, उत्तर दिलं की दोन मिळत, सर्वोत्तम ठरलं तर दहा. उत्तर चांगलं असो नसो, दोन गुण पक्के. परिणाम असा की 'माहीत नाही, पण दोन गुणांबद्दल आभार' हे तिथलं एक लोकप्रिय उत्तर होऊन बसलं. ४ मे २०२१ला ती सेवा बंद झाली. गुगलने २००२ मध्ये नेमका उलटा प्रयोग केला होता. विचारणाऱ्याने दोनशे डॉलरपर्यंत किंमत लावायची आणि निवडलेल्या संशोधकांनी उत्तर शोधून त्यातला तीन चतुर्थांश वाटा घ्यायचा. उत्तरं उत्तम असत, पण विकत घेणारे पुरेसे नव्हते. २००६ अखेर गुगलने दुकान आवरलं. क्वोराने २०१८ मध्ये एक पाऊल पुढे टाकलं आणि पैसे प्रश्न विचारणाऱ्यांना दिले, पानावरच्या जाहिरातींच्या कमाईतून. आता प्रश्न विचारायला काहीच अडायची गरज उरली नाही. एका शहराचं नाव काढून दुसरं घालायचं, एका फोनच्या जागी दुसरा फोन, की नवा प्रश्न तयार. ज्यांनी तिथे वर्षानुवर्षं आपुलकीने लांब उत्तरं लिहिली, त्यांना एक छदाम नाही आणि शंभर पोकळ प्रश्न टाकणाऱ्याला धनादेश, हे पाहून पुष्कळ जुने लेखक तिथून उठले. क्वोराची मराठी आवृत्तीही निघाली; तिथे मराठीत मनापासून लिहिणारे होते, आहेत. पण मूळ यंत्राचे दोष भाषा बदलल्याने जात नाहीत.

स्टॅक ओव्हरफ्लोची बदनामी मात्र झाली ती प्रश्न बंद करण्यावरून. नियम साधा होता. मतमतांतराचे प्रश्न नकोत ('कोणती भाषा शिकू?'), अर्धवट प्रश्न नकोत, आणि आधी विचारलेला पुन्हा नको. तीन हजार गुणांच्या पाच जणांनी मत दिलं की प्रश्न बंद. २०१९ मध्ये ही संख्या तीनवर आणली. एखाद्या विषयात सोनेरी बॅज मिळवलेला माणूस तर एकट्याच्या मताने 'डुप्लिकेट' ठरवून दार लावू शकतो. जावा शिकणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी नलपॉइंटरएक्सेप्शन भेटतं. ते काय असतं, कसं शोधायचं, याचं एक सविस्तर पान २००८ पासून तिथे आहे आणि हजारो प्रश्न त्या एका पानाकडे वळवलेले आहेत. वाचकाच्या बाजूने पाहा, याहून चांगली व्यवस्था नाही. हजार ठिकाणी विखुरलेली हजार लंगडी उत्तरं वाचण्यापेक्षा एक भक्कम पान वाचणं केव्हाही बरं. विचारणाऱ्याच्या बाजूने पाहा. त्याने दोन तास डोकं फोडलंय, आपली चूक त्या जुन्या पानात कुठे बसते हेच त्याला कळत नाही, आणि त्याच्या प्रश्नाला पाच मिनिटांत कुलूप लागून वर दोन खालचे बाण. मोठ्या पानाकडे बोट दाखवणं आणि त्या पानातली आपली ओळ सापडवून देणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीसाठी त्या साइटने कधीच फीचर बनवलं नाही. बनवलं असतं तरी ते काम करणाऱ्याला गुण कशाचे द्यायचे?

इंग्रजीचा प्रश्न याच्यात मिसळला की दुखणं वाढतं. स्टॅक ओव्हरफ्लोच्या पोर्तुगीज, रशियन, स्पॅनिश आणि जपानी आवृत्त्या निघाल्या. भारतीय भाषांतली एकही नाही. त्या साइटच्या वार्षिक सर्वेक्षणांत भारतातून मोठ्या संख्येने माणसं भाग घेतात, तरीही. कारण उघड आहे. आपल्याकडे प्रोग्रामिंग शिकवलं जातं ते इंग्रजीत, म्हणून इंग्रजीत विचारायला जमतं असं गृहीत धरलं जातं. हिंजवडीच्या कंपनीत नुकत्याच लागलेल्या मुलीला शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला मराठीत ती अडचण अर्ध्या मिनिटात सांगता येते. तीच इंग्रजीत लिहायची म्हटली की वाक्यं तुटतात, काय करून पाहिलं ते राहून जातं आणि प्रश्न 'अस्पष्ट' या सदरात जातो. यंत्राला अडचण दिसत नाही; त्याला वाक्य दिसतं.

हेच सॉफ्टवेअर, हेच गुण, हेच बाण घेऊन मॅथओव्हरफ्लो २००९ मध्ये सुरू झालं. कॅलिफोर्नियातल्या बर्कलीच्या संशोधक विद्यार्थ्यांनी ते उभं केलं, आणि तिथे फक्त संशोधनाच्या पातळीवरचे गणिती प्रश्न चालतात. टेरेन्स ताओंसारखे फिल्ड्स पदकविजेते तिथे विद्यार्थ्यांच्या शंकांना उत्तरं देतात. बहुतेक लोक खऱ्या नावाने वावरतात, आणि उद्या परिषदेत ज्याच्यासमोर उभं राहायचंय त्याला आज तुच्छतेने लिहिणं कुणालाच परवडत नाही. २०१० मध्ये तिथे कुणीतरी विचारलं की आपण काही गाउस किंवा ऑयलर नव्हे, मग सामान्य माणसाने गणितात भर घालायची ती काय? स्टॅक ओव्हरफ्लोच्या फूटपट्टीने हा प्रश्न मतमतांतराचा. त्यावर विल्यम थर्स्टन यांनी उत्तर दिलं. गणिताचं खरं फलित प्रमेयांमध्ये नसून माणसांना येणाऱ्या समजेत असतं, आणि ती समज माणसांच्या समूहातच जगते, असा त्याचा आशय होता. ज्यांनी त्रिमितीय भूमितीचं अख्खं क्षेत्र बदललं, त्यांनी ते लिहिलं होतं. २०१२ मध्ये थर्स्टन गेले. ते पान अजून वाचलं जातं. त्यामुळे कुठल्या बटणाने कोणतं वर्तन घडेल, हे फक्त बटणावरून सांगणाऱ्यांवर मी फारसा विश्वास ठेवत नाही. दाबणारे एकमेकांना ओळखतात की नाही, हे आधी विचारावं.

एप्रिल २०१८ मध्ये कंपनीनेच जाहीरपणे कबूल केलं की आपली साइट नवख्यांना, विशेषतः स्त्रियांना आणि उपेक्षित गटांतल्या लोकांना, आपलीशी वाटत नाही. मग नवीन माणसाच्या नावाशेजारी 'हा नवा आहे, जरा सांभाळून घ्या' अशी पट्टी आली. प्रश्न लिहिताना पायरी-पायरीने विचारणारा सहायक आला. मला त्यांतला सर्वांत बोलका बदल वाटतो तो मात्र गुणांचा. सुरुवातीला चांगल्या प्रश्नाच्या वरच्या बाणाला उत्तराइतकेच दहा गुण होते. २०१० मध्ये ते पाचवर आणले; उत्तर देणाऱ्याचे कष्ट जास्त, असा युक्तिवाद होता. नोव्हेंबर २०१९ मध्ये पुन्हा दहा केले, तेही मागच्या सगळ्या मतांसकट, त्यामुळे एका रात्रीत असंख्य लोकांचे गुण वाढले. जुन्या उत्तरदात्यांनी मोठा गदारोळ केला. प्रश्न विचारणं हेही काम आहे, हे त्या साइटच्या हिशेबवहीत उमटायला जवळजवळ दहा वर्षं गेली.

तोवर वातावरण थंडावू लागलं होतं. दर महिन्याला येणाऱ्या नव्या प्रश्नांची संख्या २०१४च्या सुमारास सर्वाधिक होती आणि तिथून ती हळूहळू उतरत होती. दोन कोटींहून अधिक प्रश्न जमल्यावर विचारण्यासारखं उरतंच कमी, हे एक कारण. जे विचारायला आले त्यांना हाकललं, हे दुसरं. दोन्ही खरी आहेत. मग ३० नोव्हेंबर २०२२ला चॅटजीपीटी आलं, आणि पाचच दिवसांत, ५ डिसेंबरला, स्टॅक ओव्हरफ्लोने त्याच्याकडून लिहवून घेतलेल्या उत्तरांवर बंदी घातली. ही बंदी यंत्राच्या द्वेषातून आली, असं म्हणणाऱ्यांनी या साइटचा पाया कशावर होता ते पाहिलेलं नाही. गुण, बाण, हिरवी खूण ही सगळी रचना एका गृहीतावर उभी होती : चांगलं दिसणारं उत्तर लिहायला कष्ट पडतात आणि ते तपासायला त्या मानाने कमी. आता लिहायला काही सेकंद लागू लागले, तपासायला मात्र पूर्वीइतकाच वेळ. आत्मविश्वासाने लिहिलेल्या, व्याकरणशुद्ध आणि चुकीच्या उत्तरांपुढे मत देणाऱ्यांची तुकडी कमी पडली. २०२३ मध्ये कंपनीने मॉडरेटरांना सांगितलं की एआयने लिहिल्याच्या संशयावरून उत्तरं काढू नका, तेव्हा विनावेतन काम करणाऱ्या त्या लोकांनी जूनपासून ऑगस्टपर्यंत संप केला.

विचारणाऱ्यांच्या दृष्टीने मात्र अखेर खिडकी उघडली होती. तिथे नमस्कार चालतो, तुटकं इंग्रजी चालतं, मराठीही चालतं, तोच प्रश्न पाचव्यांदा विचारला तरी कुणी कुलूप लावत नाही. २०२४ संपताना स्टॅक ओव्हरफ्लोवरच्या नव्या प्रश्नांची महिन्याची संख्या दहा वर्षांपूर्वीच्या एक चतुर्थांशाहूनही खाली गेली. त्याच वर्षी तिथे 'स्टेजिंग ग्राउंड' नावाची सोय आली. नवख्याचा प्रश्न लगेच चव्हाट्यावर न मांडता आधी काही अनुभवी मंडळींना दाखवायचा, त्यांनी काय कमी आहे ते सांगायचं, तो सुधारून झाला की मग सगळ्यांसमोर आणायचा. चांगलं फीचर आहे. २००८ मध्ये असतं तर या प्रकरणातला बराच मजकूर लिहावा लागला नसता.

खिडकीतलं हे यंत्र शिकलं कशावर? बऱ्याच अंशी फलकावरच. स्टॅक ओव्हरफ्लोवरचा सगळा मजकूर पहिल्यापासून क्रिएटिव्ह कॉमन्सच्या खुल्या परवान्याखाली आहे, म्हणजे कंपनी विकली गेली तरी उत्तरं कुणी एक्स्पर्ट्स एक्सचेंजसारखी पडद्याआड टाकू नयेत. २०२१ मध्ये प्रोसस या कंपनीने स्टॅक ओव्हरफ्लो १.८ अब्ज डॉलरला विकत घेतलं, तेव्हाही तो परवाना कायम राहिला. मे २०२४ मध्ये ओपनएआयशी करार जाहीर झाला, तेव्हा काही जुने लेखक चिडले आणि आपली उत्तरं काढून घ्यायला गेले. पण खूण मिळालेलं उत्तर लेखकाला स्वतः पुसता येत नाही, असा तिथला नियम होता. वाचकाचं नुकसान होऊ नये म्हणून केलेला. काहींनी मग उत्तराचा मजकूर खोडून त्याजागी निषेध लिहिला. प्रत्येक बदलाचा इतिहास जपला जात असल्याने मॉडरेटरांनी जुना मजकूर परत लावला आणि लेखकांची खाती काही दिवसांसाठी गोठवली.